बाणाची दांडी कशी निवडायची?

मागच्या वेळी आपण धनुष्याबद्दल बोललो. आज बाण, आणि त्यातही फक्त दांडी, जिला दुकानात शाफ्ट म्हणतात.

२०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं बर्लिनला कम्पाउंड धनुष्यावर जागतिक विजेतेपद मिळवलं. अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण. म्हणजे पन्नास मीटरवरून पंधराच्या पंधरा बाण आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात! यात हात आणि सराव तर आहेच. पण पंधरा दांड्या एकसारख्या नसतील, तर कितीही चांगला हात असला तरी हे जमत नाही. बेस्यातले पालक आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, "कोणता बाण चांगला?" आमचं उत्तर एकच: तुमच्या मुलाच्या धनुष्याला जुळतो तो.

जुळणं म्हणजे काय? दोरी सुटली की बाणाला मागून एकदम धक्का बसतो आणि पुढचं जड टोक मात्र जागचं हलायला वेळ लावतं. या ओढाताणीत दांडी मधे वाकते. हो, वाकते. हळू केलेल्या चित्रफितीत बाण मासोळीसारखा वळवळत जाताना दिसतो. बोटांनी दोरी सोडतो त्या धनुष्यात तर याच वाकण्यामुळे बाण मुठीला न घासता बाजूने निघून जातो. दांडी फार ताठ असेल तर उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. मूल बिचारं आपला नेम चुकतोय समजून रडकुंडीला येतं, आणि दोष असतो दांडीचा.

हा ताठपणा मोजतात, त्याला स्पाइन म्हणतात. २९ इंची दांडी २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवायची आणि मधोमध साधारण ८८० ग्रॅम वजन लटकवायचं. अर्धा इंच झुकली, तर स्पाइन ५००. पाव इंचच झुकली, तर २५०. इथं बरेच जण फसतात बरं का: आकडा मोठा, तर दांडी लवचीक. लहान मुलाच्या हलक्या धनुष्याला मोठ्या आकड्याचीच दांडी लागते.

निवडताना तीन गोष्टी सोबत घेऊन जा. एक, धनुष्याचं पाउंडेज, तेही मूल प्रत्यक्षात खेचतं तेवढ्या अंतरावर मोजलेलं. दोन, दांडीची लांबी; तीच दांडी कापून आखूड केली की ताठ होते. तीन, टोकाचं वजन. टोक जड केलं की दांडी जास्त वाकते. कंपनीच्या तक्त्यात हे आकडे जुळवायचे. वाढत्या वयाच्या मुलाला बाण इंच-दोन इंच लांबच घ्या. आखूड बाण खेचताना टेकूवरून मागे घसरला, तर हाताला गंभीर इजा होते.

आता वजन. काही जण विचारतात, शिकारीचा बाण जड का असायचा? शिकारीच्या बाणाला आत शिरायचं असतं, म्हणून वेग थोडा कमी झाला तरी चालतो, संवेग हवा. लक्ष्यावरच्या बाणाला सपाट मार्गानं लांब जायचं असतं, म्हणून तो हलका. गडचिरोलीच्या माडिया-गोंडांकडे, मेळघाटच्या कोरकूंकडे धनुष्यबाण पिढ्यान्‌पिढ्या होताच. बांबूची दांडी म्हणजे निसर्गानं दिलेली नळीच: आतून पोकळ, बाहेरच्या सालीत धागे दाट, म्हणून हलकी तरी ताठ. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली. त्यामुळे शिकारीचे जड बाण आपल्याला घ्यायचेच नाहीत. मात्र "हलका तितका चांगला" असंही नाही. धनुष्याच्या मानानं बाण फारच हलका असला, तर सुटलेली ताकद बाणात न जाता धनुष्यातच राहते आणि त्याच्या पात्या तडकू शकतात.

शिकाऊ मुलाला सुरुवातीला लाकडी, फायबरग्लासची किंवा ॲल्युमिनियमची दांडी पुरते. ॲल्युमिनियम वाकलं की डोळ्यांना दिसतं. कार्बनची चीर दिसेलच असं नाही, आणि चिरलेली दांडी सुटताना फुटली तर तिच्या कुसळ्या थेट हातात घुसतात. म्हणून प्रत्येक फेरीआधी दांडी हळूच वाकवून, पिळून, कानाजवळ धरून पाहायची. करकर आवाज आला, की ती मोडून टाका. ठेवून दिली, तर कुणीतरी चुकून वापरेल.

खरेदी झाल्यावर एक परीक्षा मैदानावर करा. तीन बाण पिसांसह मारा, एक बिनपिसांचा. उजव्या हाताच्या मुलाचा बिनपिसांचा बाण गटाच्या डावीकडे लागला, तर दांडी ताठ. उजवीकडे लागला, तर लवचीक. टोकाचं वजन बदलून थोडंफार सावरता येतं. म्हणून आधी दोन-तीनच बाण घ्या, जुळले की मगच डझन. पुढच्या वेळी पिसांबद्दल बोलू. आता तुमचे प्रश्न घेऊ.