मिठ्ठूचा थवा

सना यंदा सहावीत गेली. "वाढदिवसाला तुला काय हवे?" असे मी तिला विचारले, तेव्हा ती लगेच म्हणाली, "अब्बा, मला पोपट हवा. बोलणारा!"

मी 'हो' म्हणालो नाही आणि 'नाही'ही म्हणालो नाही. एखादी गोष्ट नुसती सांगण्यापेक्षा दाखवलेली बरी, ही माझी शिक्षकाची सवय. मी म्हणालो, "रविवारी आपण राणीच्या बागेत जाऊ. तिथले पक्षी पाहू आणि मग ठरवू."

रविवारी सकाळी आम्ही पाच जण मुंब्र्याहून धीम्या लोकलने निघालो. सना, तिचा सात वर्षांचा भाऊ फैजान, मुलांची अम्मी, मुलांची दादी म्हणजे माझी अम्मी, आणि मी. भायखळा स्टेशनवर उतरून आम्ही बागेकडे चालू लागलो. या बागेचे आजचे नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे आहे. इंग्रजांच्या काळात तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव होते. म्हणून मुंबईचे लोक तिला अजूनही राणीची बागच म्हणतात.

बागेत पक्ष्यांसाठी एक फार मोठा पिंजरा आहे. तो 2020 साली लोकांसाठी खुला झाला. त्याची उंची सुमारे 44 फूट, म्हणजे चार मजली घराएवढी आहे. आत झाडे आहेत, पाणी आहे आणि माणसांना चालण्यासाठी वाट आहे. दारातून आत गेलो आणि एक पांढरा पक्षी आमच्या डोक्यावरून उडत गेला. फैजान टाळ्या वाजवत म्हणाला, "अब्बा, आज आपणच पिंजऱ्यात!"

'पिंजरा' हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे. पण उर्दूत आपण ज्याला 'पर' म्हणतो, त्याला मराठीत 'पीस' म्हणतात. 'घोंसला' म्हणजे 'घरटे'. 'तोता' म्हणजे 'पोपट'. चालता चालता मी मुलांना हे शब्द सांगत होतो.

पाण्याच्या कडेला एक उंच करकोचा उभा होता. त्याची पिवळी, लांब चोच अर्धी उघडी होती आणि ती त्याने पाण्यात बुडवली होती. सनाने विचारले, "हा असा काय करतो आहे?"

मी म्हणालो, "तो मासे शोधतो आहे. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही. म्हणून करकोचा चोच उघडी ठेवून पाण्यात फिरवतो. माशाचा स्पर्श झाला, की चोच पटकन मिटते."

त्याच्याजवळ शराटी नावाचा पक्षी चिखलात चोच खुपसत होता. त्याची चोच विळ्यासारखी वाकडी असते. चिखलातील किडे बाहेर काढायला ती उपयोगी पडते. पोपटाची चोच आकड्यासारखी असते, कारण त्याला फळे कुरतडायची आणि कठीण बिया फोडायच्या असतात. पक्ष्याची चोच पाहिली, की तो काय खातो हे ओळखता येते. त्याचे पाय पाहिले, की तो कोठे राहतो हेही कळते. करकोचाचे पाय लांब, कारण त्याला पाण्यात उभे राहायचे असते. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. त्यामुळे तो फांदी घट्ट पकडतो, आणि एका पायात फळ धरून खातोसुद्धा.

त्यानंतर आम्ही पेंग्विन पाहिले. बागेत 2016 साली दक्षिण कोरियातून हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आणले गेले. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर आहे. ते हवेत उडत नाहीत. पण पाण्यात ते पंख असे मारतात, की जणू उडतच आहेत. मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी खोली थंड ठेवावी लागते. सना काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. मग ती म्हणाली, "अब्बा, पक्षी आणला, तर त्याचा देशही घरात आणावा लागतो."

तिचे बोलणे मला आवडले.

दुपारी आम्ही एका मोठ्या झाडाखाली डबा उघडला. फैजानला शेजारच्या चाचांची आठवण झाली. चाचांच्या गॅलरीत एका छोट्या पिंजऱ्यात निळे आणि पांढरे पक्षी आहेत. सगळे त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात. मी त्याला सांगितले, "ते खरे लव्हबर्ड नव्हेत. त्यांचे नाव बजरिगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आणि बजरिगर ऑस्ट्रेलियातले. तिकडच्या रानात बजरिगर हिरवे-पिवळे असतात आणि मोठमोठे थवे करून राहतात. निळे आणि पांढरे रंग माणसांनी पाळून, निवडून तयार केले. चाचांचे पक्षी पिंजऱ्यातच जन्मले. त्यांच्या आईबापांचा जन्मही पिंजऱ्यातलाच."

फैजान उठून उभा राहिला. "मग आपण चाचांच्या पिंजऱ्याचे दार उघडून टाकू! सवाब मिळेल."

"नको!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की सगळे माझ्याकडे पाहू लागले. सत्तावीस वर्षांहून अधिक काळ जी गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती, ती आता सांगणे भाग होते. आणि माझी अम्मी समोरच बसली होती.

तेव्हा आम्ही मालेगावात राहत होतो. घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते. दिवसभर खटखट चालू असे. माझ्या अब्बांनी बाजारातून पोपटाचे एक पिल्लू आणले होते. त्याचे नाव ठेवले मिठ्ठू. विकणाऱ्याने त्याच्या पंखांतील लांब पिसे कापलेली होती. मिठ्ठू अम्मीचा फार लाडका. दारात कोणाचे पाऊल वाजले, की अम्मी आतून विचारत असे, "आ गए?" काही महिन्यांतच मिठ्ठूही अगदी तिच्याच आवाजात विचारू लागला, "आ गए?" अब्बा कामावरून थकून येत, पण हे ऐकले की हसत. दोन वर्षांनी त्याच्या गळ्यावर काळा-गुलाबी कंठ दिसू लागला. मग आम्हांला कळले, की तो नर आहे. असा कंठ फक्त नरालाच असतो.

सन 1998 चा उन्हाळा होता. मी पाचवीत होतो. शाळेत आम्हांला स्वातंत्र्याविषयी धडा शिकवला होता. तो माझ्या मनात घोळत होता. एका दुपारी अम्मी झोपली असताना मी पिंजऱ्याची कडी काढली. मिठ्ठू बाहेर येईना. मीच हात घालून त्याला बाहेर काढले आणि भिंतीवर ठेवले. एव्हाना त्याला नवी पिसे आली होती. तो धडपडत उडाला आणि अंगणापलीकडच्या कडुलिंबावर जाऊन बसला. मला फार आनंद झाला.

पण तो आनंद थोडाच वेळ टिकला. कावळे जमले आणि त्याला टोचू लागले. मिठ्ठूला पळता येईना आणि खाली उतरताही येईना. अम्मी जागी झाली. तिने पेरू दाखवला, मिरची दाखवली, हाका मारल्या. अंधार पडेपर्यंत तो झाडावरून एकच गोष्ट विचारत होता, "आ गए? आ गए?" दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली हिरवी पिसे पडलेली होती.

कडी मी काढली, हे मी कोणालाही सांगितले नाही.

एवढे बोलून मी थांबलो. अम्मीच्या हातातील घास तसाच राहिला होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "इतकी वर्षे मी समजत होते, कडी माझ्याकडूनच राहिली."

"अम्मी, मला माफ करा. तेव्हाच सांगायला हवे होते."

अम्मीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारले, "बेटा, नीट उडाला होता का तो?"

"हो अम्मी. कडुलिंबापर्यंत उडाला."

सनाचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "पण अब्बा, तुम्ही तर त्याला आझाद केले. मग तो जगला का नाही?"

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर मलाही फार उशिरा कळले. पक्षी उडतो तो मुख्यतः छातीच्या स्नायूंच्या जोरावर. रानातला पोपट रोज दूरवर उडतो, म्हणून त्याचे स्नायू बळकट असतात. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाचे स्नायू दुबळे राहतात. कापलेली पिसे नखांसारखी असतात. कापताना ती दुखत नाहीत, आणि जुनी पिसे गळून पुढे नवी येतात. पण नवी पिसे आली म्हणून उडण्याची सवय येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पोपट एकटा राहणारा पक्षी नाही. तो थव्यात राहतो. कोणत्या झाडाला फळे लागली, कोठे पाणी आहे, ससाणा आला तर कोठे लपायचे, हे पिल्लू आपल्या थव्यात राहूनच शिकते. थव्यातील पोपट एकमेकांचे आवाज ऐकतात आणि तसेच आवाज काढायला शिकतात. पिंजऱ्यातील पोपटाजवळ दुसरा पोपटच नसतो. मग तो कोणाचे आवाज शिकणार? तो आपले आवाज शिकतो. मिठ्ठू बोलत होता, कारण त्याने आम्हांलाच आपला थवा मानले होते. झाडावरून तो त्या थव्यालाच हाका मारत होता.

म्हणून पिंजऱ्याचे दार एकदम उघडणे ही दया नव्हे. चाचांचे बजरिगर उद्या मुंब्र्याच्या आकाशात सोडले, तर त्यांचीही मिठ्ठूसारखीच गत होईल. त्यांना मोठा पिंजरा, ताजे पाणी, योग्य दाणे आणि सोबत द्यावी. आणि आपल्या रानातल्या पोपटाचे काय? तो विकतच घेऊ नये. दया दार उघडताना नव्हे, तर पैसे देण्याच्या आधी सुरू व्हायला हवी. आपण पोपट विकत घेतला, की कोणीतरी झाडाच्या ढोलीतून आणखी पिल्ले काढतो.

कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशातील रानपोपट पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. मालेगावात आमच्या घरी हे कोणालाही माहीत नव्हते. तुमच्या ओळखीच्या कोणाकडे असा पोपट असेल, तर त्याला स्वतः सोडू नका. घरातील मोठ्यांना सांगून वनविभागाला कळवा. तेथील जाणकार लोक त्याला तपासतात. तो उडू आणि जगू शकेल का, हे पाहूनच ते पुढचे ठरवतात.

आम्ही डबा आवरत होतो, इतक्यात डोक्यावर 'कीर्र कीर्र' असा कलकलाट झाला. सात-आठ पोपटांचा थवा बाणासारखा आला आणि समोरच्या उंच झाडावर उतरला. हे पोपट बागेने पाळलेले नव्हते. ते मोकळे होते. त्यांतला एक ढोलीत शिरला आणि लगेच त्याने डोके बाहेर काढले. त्याच्या गळ्यावर गुलाबी कंठ होता. अम्मी चश्मा सावरून त्याच्याकडे पाहत राहिली.

"दादी, हे काय बोलतात?" फैजानने विचारले.

"त्यांचे ते बोलतात, बेटा. आपल्याला कळायला हवे असे थोडेच आहे!" अम्मी म्हणाली.

परतीच्या लोकलमध्ये मी मुलांना डॉ. सलीम अली यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म 1896 साली मुंबईतच झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथूनच त्यांना पक्ष्यांचा छंद लागला. 1930 साली अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. त्यांना असे दिसले, की घरटे नर विणतो. ते अर्धे झाले, की मादी येऊन तपासते आणि पसंत पडले तरच राहते. मग नर ते घरटे पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो. हे सारे त्यांनी पाहिले ते पिंजऱ्यात नव्हे, मोकळ्या रानात. 1987 साली त्यांचे निधन झाले. भारतातील पक्षी ओळखायला अनेक पिढ्या त्यांच्या पुस्तकांतून शिकल्या.

घरी आल्यावर सनाने पोपटाचे नाव काढले नाही. तिने मातीचे एक पसरट भांडे धुतले, त्यात पाणी भरले आणि ते गॅलरीत ठेवले. दोन दिवस कोणीच आले नाही. तिसऱ्या दिवशी एक कावळा आला. सना खट्टू झाली. मालेगावच्या त्या दिवसापासून अम्मी कावळ्याला पाहताच हाकलत असे. पण त्या दिवशी ती म्हणाली, "पिऊ दे त्याला. तहान त्यालाही लागते."

चाचांनी आता बजरिगरांसाठी मोठा पिंजरा आणला आहे. सनाने एक वही केली आहे. वहीच्या एका बाजूला ती पक्ष्याचे उर्दू नाव लिहिते आणि दुसऱ्या बाजूला मराठी. आतापर्यंत तिच्या वहीत नऊ नावे झाली आहेत. पहिले नाव कावळ्याचे आहे. तुमच्या वहीत पहिले नाव कोणत्या पक्ष्याचे असेल?