स्क्रीनवर चपखल, कारखान्यात अडलं! 'कॅड'मध्ये दोन पार्ट जुळतात कसे?

२००६ मध्ये एअरबसच्या अवाढव्य ए-३८० विमानाचं काम रखडलं. कारण इंजिन नव्हतं, वायरिंग होतं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये तयार झालेले वायरचे जुडगे फ्रान्समधल्या टूलूजला विमानात बसवताना ठरलेल्या जागी नीट बसेनात. जर्मनीत कॅटिया सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरात होती, फ्रान्समध्ये पाचवी. दोन्हींमध्ये माहितीची देवाणघेवाण धड होत नव्हती. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर! पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळायला ऑक्टोबर २००७ उजाडला.

मग सॉफ्टवेअरमध्ये पार्ट 'जुळवणं' म्हणजे नेमकं काय?

सहा हालचाली

मोकळा पार्ट सहा प्रकारे हलतो: तीन दिशांना सरकतो, तीन अक्षांभोवती फिरतो. जुळवणं म्हणजे यातल्या नको त्या हालचाली बंद करणं. सॉलिडवर्क्समध्ये याला 'मेट' म्हणतात, इन्व्हेंटरमध्ये 'कॉन्स्ट्रेंट'. पिन आणि भोक यांचा अक्ष एक केला (कॉन्सेंट्रिक) की चार हालचाली संपतात. पिन फक्त आत-बाहेर सरकते आणि स्वतःभोवती फिरते. पिनच्या डोक्याची खालची बाजू प्लेटला टेकवली (कोइन्सिडंट) की सरकणंही थांबतं. फिरणं तेवढं उरतं. बिजागरीला तेच हवं असतं, त्यामुळे सगळं 'लॉक' करण्याची घाई नको.

उलटही घडतं. दोन प्लेट, प्रत्येकीवर दोन भोकं. एकीवर भोकांमधलं अंतर ५० मिमी, दुसरीवर ५०.१. पहिली जोडी जुळते. दुसरी जुळवायला गेलात की 'ओव्हर-डिफाइन्ड'चा लाल इशारा येतो. अनेक जण वैतागून मेटच उडवतात. खरं तर सॉफ्टवेअर मापातली चूक दाखवत असतं.

२५ म्हणजे २५ नव्हे

खरी मेख पुढे आहे. २५ मिमीची पिन २५ मिमीच्या भोकात स्क्रीनवर विनातक्रार बसते. लेथला मात्र अचूक २५ कधीच जमत नाही, थोडंफार इकडे-तिकडे होतंच. म्हणून ड्रॉइंगवर 'फिट' लिहावा लागतो. उदाहरणार्थ, एच७/जी६. यात भोक २५.००० ते २५.०२१ मिमी, तर पिन २४.९८० ते २४.९९३. म्हणजे कोणतीही पिन कोणत्याही भोकात घातली तरी ०.००७ ते ०.०४१ मिमी फट राहणारच. पिन हाताने सरकते. तेच भोक ठेवून पिनला पी६ दिलं, तर ती २५.०२२ ते २५.०३५ होते. आता ती प्रेसवर दाबूनच बसवावी लागेल.

मॉडेलमध्ये या दोन्ही पिना हुबेहूब सारख्या दिसतात! फरक असतो तो फक्त ड्रॉइंगवरच्या दोन अक्षरांत. चाकणच्या एखाद्या व्हेंडरकडे ड्रॉइंग गेलं, की तिथला ऑपरेटर तुमचं थ्री-डी मॉडेल उघडून बसत नाही. तो 'गो, नो-गो' गेज घेतो: २५.००० चं टोक भोकात गेलंच पाहिजे, २५.०२१ चं जाता कामा नये. गेलं, तर जॉब रिजेक्ट.