नाडीचा ठेका चुकतो तेव्हा

आमच्या वस्तीतील एक भगिनी, वय जेमतेम छत्तीस. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी. दोन वर्षे छातीत धडधड होत होती, जिना चढताना दम लागत होता. घरचे म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक घे. एका सकाळी उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. ईसीजी काढला तेव्हा आजाराचे नाव कळले : एट्रियल फिब्रिलेशन. आम्ही पडलो कारकून. पण सोबत गेलो होतो, डॉक्टरांना विचारून विचारून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदातील पेशींच्या एका पुंजक्यातून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा सूक्ष्म संदेश निघतो आणि ठोका पडतो. या आजारात अलिंदात मिनिटाला ३५० ते ६०० संदेश उसळतात. कप्पा आकसण्याऐवजी नुसता थरथरतो. मधली चौकी त्यातले थोडेच संदेश खाली सोडते, तेही वाटेल तसे. म्हणून नाडीला ठेका उरत नाही.

हे उपद्रवी संदेश पुष्कळदा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी जन्मतात, असे फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखविले. त्याआधी १९९५ साली नेदरलँड्समध्ये शेळ्यांवरील प्रयोगात दिसले होते की, थरथर जितकी टिकते तितकी ती पक्की होते. म्हणजे दुखणे अंगावर काढणे महागात पडते!

वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचा अतिरेक आणि दारू ही नेहमीची कारणे. (दारूचे नाव काढले की आमचे काही बंधू पान उलटतात, त्यांनी हे वाचावेच.) पण या भगिनीचे मूळ बालपणात निघाले. एका खोलीत आठ माणसे, घसा सुजला, ताप आला, सांधे दुखले. औषध अर्धवट झाले. त्या सांधेतापाने हृदयाची डावी झडप आकसली. रक्त पुढे सरेना, डावे अलिंद फुगले, ताणले, त्यात चट्टे पडले. विजेची वाट तिथे मोडली. थरथरत्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी झाली, ती मेंदूत गेली. घशाच्या त्या जंतूला पेनिसिलिन पुरते. सांधेताप होऊन गेलेल्या मुलाला तेच इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे द्यावे लागते.

आता तिला रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन गोळी चालू आहे. नव्या महाग गोळ्या आहेत, पण अशा आकसलेल्या झडपेत जुनीच सरस, हे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसले. मात्र रक्त वरचेवर तपासावे लागते, आणि तपासणीच्या दिवशी रोज बुडतो. म्हणून आम्ही चौघांनी तिच्या तारखा वाटून घेतल्या आहेत. पुढची मंगळवारी आहे.