‘आर्टिक्युलेट’ : कौतुकातला काटा

वकिलीची सुरुवातीची वर्षे होती. जामिनाच्या अर्जावर युक्तिवाद संपवून बाररूममध्ये येऊन बसलो. एक ज्येष्ठ वकील जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “वा! तुम्ही फारच आर्टिक्युलेट आहात हो. आडनाव काय म्हणालात?” मी आडनाव सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “वाटत नाही.”

त्या दोन शब्दांनी आधीचे सारे कौतुक नासवले. घरी येऊन इंग्रजी शब्दकोश उघडला. त्यानंतर हा शब्द जिथे भेटेल तिथे मी थांबतो. वाचकांनीही थांबावे, म्हणून हा लेखप्रपंच.

‘आर्टिक्युलेट’चे मूळ लॅटिन भाषेतल्या ‘आर्टिक्युलस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ लहान सांधा. बोटाला जशी पेरे असतात तशी बोलण्यालाही असतात. प्रत्येक ध्वनी वेगळा कळावा आणि तरीही पुढच्याशी जोडलेला असावा, म्हणजे ते बोलणे आर्टिक्युलेट. डॉक्टर मंडळी हाडांच्या सांध्याला आजही आर्टिक्युलेशन म्हणतात. आणि याच मुळातून ‘आर्टिकल’ हा शब्द आला. आर्टिकल म्हणजे कलम, मसुद्याचे एकेक पेर.

जुन्या इंग्रजी साहित्यात कलमांचा हा अर्थ जिवंत दिसतो. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात राजा बंडखोरांना सुनावतो, की तुम्ही आपल्या तक्रारी कलमवार मांडल्या आणि बाजारचौकात जाहीर केल्या. तिथे हाच शब्द आहे. ‘कोरिओलेनस’ नाटकात तो अटी ठरवण्यासाठी, वाटाघाटीसाठी येतो. म्हणजे त्या काळी आर्टिक्युलेट करणे ही एक कृती होती. ज्याची काही मागणी आहे, त्याने ती मुद्देसूद मांडणे.

मिल्टनच्या १६६७ सालच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये मात्र शब्दाला दुसरी धार येते. साप माणसासारखा बोलतो आणि ईव्ह थक्क होते. ईश्वराने जनावरांना स्पष्ट वाणी दिलेली नाही, अशी तिची समजूत असते. इथे हा शब्द माणूस आणि जनावर यांच्यामधली सीमारेषा होतो. “तुला बोलता येते?” हे तिचे आश्चर्य सापाच्या बाबतीत ठीक आहे. पण माणसाने माणसाकडे पाहून तसेच आश्चर्य करावे, तेव्हा काय म्हणायचे?

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हे आश्चर्य पिढ्यान्‌पिढ्या सोसले. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये गुलामीतून निसटले आणि १८४१ पासून गुलामीविरोधी सभांतून बोलू लागले. ते इतके उत्तम बोलत, की हा माणूस गुलाम असणे शक्य नाही, असे श्रोते म्हणू लागले. चळवळीतल्या गोऱ्या सहकाऱ्यांनी सल्ला दिला, की बोलण्यात थोडी मळ्यावरची भाषा राहू द्या. हे डग्लस यांनीच १८५५ च्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्यांनी सल्ला मानला नाही. १८४५ मध्ये मालकाचे नाव, गावाचे नाव देऊन आपली हकिकत छापली. परिणामी पुन्हा पकडले जाण्याच्या भीतीने त्यांना परदेशी जावे लागले. नीट बोलल्याचे मोल हे असे.

२००७ मध्ये जो बायडेन यांनी बराक ओबामा यांचे कौतुक करताना हाच शब्द वापरला आणि गदारोळ उठला. ओबामांनी उत्तर दिले, की जेसी जॅक्सन, शर्ली चिझम यांसारख्या आधीच्या काळ्या उमेदवारांना बोलता येत नव्हते, असे कुणी म्हणणार नाही. दुखणे तिथेच होते. एकाला अपवाद म्हणून गौरवायचे आणि बाकीच्या समाजाला मुका ठरवायचे.

आपल्याकडे ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. समाज मुका होता म्हणजे त्याला जीभ नव्हती असे नव्हे. ओव्या होत्या, जलसे होते, वेदना होती. ऐकणारे कान नव्हते. बाबासाहेबांनी शब्दाच्या जुन्या, खऱ्या अर्थाने समाजाचे म्हणणे कलमवार मांडले. गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना सादर केली, ती अशीच एकामागून एक अटींची होती. पुढे तोच माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. संविधानातले १७ वे आर्टिकल अस्पृश्यता नष्ट करते आणि १९ वे बोलण्याचे स्वातंत्र्य देते.

आता कोर्टातले सांगतो. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात एखादी म्हातारी आई साक्षीला उभी राहते. कोण कुठे उभा होता, कोणता शब्द उच्चारला, हे ती आपल्या बोलीत नेमके सांगते. समोरचा वकील म्हणतो, “साक्षीदाराला नीट सांगता येत नाही.” पण खरी मोडतोड आधीच झालेली असते. ठाण्यात तिचे शब्द पुसून ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहिलेले असते. मग बचाव पक्ष विचारतो, नेमका शब्द फिर्यादीत कुठे आहे? तिच्या बोलण्याला सांधे होते, लिहिणाऱ्याने ते निखळवले.

२६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून शिवी देणे हा स्वतंत्र गुन्हा केला. त्याच कायद्याच्या कलम ४(२) नुसार तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणे आणि तिची प्रत लगेच देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणून कार्यकर्त्यांना विनंती, की फिर्यादीसोबत ठाण्यात जा. उच्चारलेला शब्द जसाच्या तसा, तिच्याच बोलीत लिहवून घ्या. वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा होऊ देऊ नका. प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

आपल्या मुलांनी उत्तम इंग्रजी बोलावे, उत्तम मराठीही बोलावे. पण आजीची बोली अशुद्ध आहे असे समजू नये. आणि कुणी “वाटत नाही” म्हणालाच, तर त्याला शांतपणे विचारावे, “काय वाटायला हवे होते?” त्या दिवशी बाररूममध्ये हा प्रश्न मला सुचला नाही. आज विचारतो आहे.

जय भीम!