गिरकीच्या आत काय घडतं?



आज विषय जरा वेगळा आहे. आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काहीच नाही. आज बोलायचं आहे पडद्यावरच्या सुपरहिरोंबद्दल. म्हणजे शक्तिमान, सुपरमॅन, स्पायडरमॅन ही मंडळी. तुम्ही म्हणाल, हे पोरांचे विषय, आपल्याला काय करायचंय? पण मुलं मोबाईल घेऊन बसली की आपल्या भाकरी शांतपणे होतात आणि तेवढ्या वेळात ती काय बघतात ते आपल्याला कळत नाही. मग एक दिवस पोरगं गळ्याला टॉवेल बांधून ओट्यावरून उडी मारतं. "असं करू नको" म्हटलं की ते विचारतं, "मग तो कसा उडतो?" याचं उत्तर आपल्याजवळ हवं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक सुपरहिरोंचे दोन जन्म असतात. एक साधा माणूस आणि दुसरा ताकदवान वीर. साधा माणूस चारचौघांसारखा नोकरी करतो, चष्मा लावतो, कोणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. संकट आलं की तो कुठेतरी आडोशाला जातो आणि पोशाख बदलून बाहेर येतो. लपायचं कारण काय? तर शत्रूला त्याचं खरं नाव कळलं, तर त्याच्या घरच्यांना धोका. सगळी गोष्ट या लपण्यावर उभी असते. आणि लपणं हे गोष्ट सांगणाऱ्यालाही सोयीचं, कारण आडोशामागे जे घडतं ते दाखवावं लागत नाही.

सुपरमॅन अमेरिकेतला. तो 1938 साली चित्रकथेच्या मासिकात आला. साध्या रूपात तो वर्तमानपत्राचा बातमीदार, क्लार्क केंट. 1941 साली त्याच्या कार्टूनपटात तो टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून कपडे बदलतो. आपल्याकडे पूर्वी एसटीडी-पीसीओचे बूथ असायचे, तसाच पण रस्त्याच्या कडेला उभा केलेला, माणूस आत जाऊन दार लावून घेईल असा. पुढे बूथ आणि सुपरमॅन ही जोडीच लोकांच्या डोक्यात बसली. मग 1978 चा सिनेमा आला. तोवर तिकडचे बंद बूथ कमी होऊन अर्धे, उघडे बूथ आले होते. सिनेमात क्लार्क अशा एका बूथसमोर येतो, वरून खालपर्यंत बघतो, आणि इथे काय लपणार म्हणून पुढे पळतो. मग एका इमारतीच्या गोल फिरणाऱ्या दारात शिरतो, दार गरगर फिरतं, आणि तो सुपरमॅन होऊन बाहेर पडतो. लोक खूप हसले, कारण बूथची गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

बॅटमॅनची तऱ्हा आणखी सोपी. 1966 साली सुरू झालेल्या टीव्ही मालिकेत तो घरातल्या पुतळ्याचं डोकं मागे वाकवतो, आत लपवलेलं बटण दाबतो. पुस्तकांचं कपाट बाजूला सरकतं, मागे दोन खांब. बॅटमॅन आणि त्याचा जोडीदार रॉबिन साध्या कपड्यांत खांबावरून घसरतात आणि खाली उतरतात ते पूर्ण पोशाखात! मधे काय झालं? काही नाही. ते दाखवलंच नाही. वरचं चित्रण वेगळं, खालचं वेगळं, आणि दोन्ही एकाला एक जोडली.

मैत्रिणींनो, सगळी किल्ली इथेच आहे. सिनेमा म्हणजे एका सेकंदात साधारण 24 स्थिर चित्रं. ती भराभर पुढे सरकली की आपल्या डोळ्यांना हालचाल दिसते. या चित्रांच्या माळेतला एखादा तुकडा काढून टाकला आणि दोन टोकं जोडली, तर मधला वेळ गायब होतो. कलाकाराने तेवढ्यात कपडे बदलले, जेवण केलं की झोप काढली, आपल्याला कळत नाही.

ही युक्ती फार जुनी. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाचे जादूगार होते. 1896 साली त्यांनी एका बाईला खुर्चीवर बसवलं, अंगावर कापड टाकलं, आणि कापड काढलं तर बाई नाही! केलं एवढंच, की कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, पुन्हा कॅमेरा सुरू केला.

आपल्याकडे दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करायचे. फाळके हे नाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' नावाने करायचे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा हा माणूस. त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं याचं थोडंथोडं चित्रण बरेच दिवस केलं, आणि पडद्यावर ते रोप बघता बघता वर आलं. पेरलेलं उगवायला किती दिवस लागतात हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा कॅमेऱ्याने वेळ कशी गिळली हे आपल्याला पटकन समजेल. पुढे 1917 च्या 'लंका दहन' मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच कलाकाराने केल्या. त्या काळी सिनेमात काम करायला बायका सहजासहजी तयार होत नव्हत्या. म्हणजे रामाचा पोशाख उतरवून सीतेचा पोशाख चढवायचा, आणि बघणाऱ्यांनी हात जोडायचे!

आता एक बाई सुपरहिरो. वंडर वुमन. अमेरिकेत 1975 साली तिची टीव्ही मालिका सुरू झाली. साध्या रूपात ती डायना प्रिन्स, चष्मा लावून लष्कराच्या कचेरीत काम करणारी. ती बदलणार कशी, हा प्रश्न होता. काम करणाऱ्या लिंडा कार्टर यांना नाच येत होता, त्यांनी सुचवलं, मी गिरकी घेते. आधी साध्या कपड्यांत गिरकी, कॅमेरा जागचा न हलवता थांबवला, कपडे बदलले, त्याच जागी पुन्हा गिरकी. सुरुवातीला एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरघळायचं. याला फार वेळ लागायचा. मग मधे प्रकाशाचा लखलखाट टाकला, की जोड त्यात झाकला गेला.

आपल्यापैकी ज्या आज तिशी-चाळिशीत आहेत त्यांना ही गिरकी ओळखीची वाटेल. 1997 साली दूरदर्शनवर शक्तिमान आला. दात पुढे आलेला, चष्मेवाला, भोळसट गंगाधर एका वर्तमानपत्रात फोटो काढायचा, आणि भोवऱ्यासारखा फिरला की शक्तिमान व्हायचा. आपण सगळ्यांनी अंगणात चक्कर येईपर्यंत गिरक्या मारल्या आहेत. पण त्याच काळात, शक्तिमान वाचवायला येईल म्हणून किंवा त्याची नक्कल करताना मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्याही वर्तमानपत्रांत आल्या. काम करणारे मुकेश खन्ना मग कार्यक्रमातूनच मुलांना सांगायचे, की माझी नक्कल करू नका. म्हणजे हा धोका आपण उगाच काढलेला नाही.

हल्लीच्या सिनेमांत तर आडोसाही लागत नाही. 2008 च्या 'आयर्न मॅन' मध्ये लोखंडी पोशाख तुकड्या-तुकड्याने अंगावर चढताना दिसतो. त्यातलं पुष्कळसं संगणकावर काढलेलं असतं. उडणारा नट तारांना बांधलेला असतो आणि त्या तारा नंतर संगणकावर पुसतात. पडद्यावर जे क्षणात होतं ते खरं तर किती अवघड, याचं एक उदाहरण सांगते. 1989 च्या बॅटमॅन सिनेमातला पोशाख इतका जड आणि घट्ट होता, की मायकेल कीटन या नटाला नुसती मान वळवता येत नव्हती. मागे बघायचं तर सगळं अंगच वळवावं लागे.

आता त्या गळ्यातल्या टॉवेलबद्दल. 'द इन्क्रेडिबल्स' नावाचा 2004 चा कार्टूनपट आहे. त्यात सुपरहिरोंचे पोशाख शिवणारी एक ठेंगणी, फटकळ बाई आहे. पाठीवर झूल लावून द्या म्हटलं की ती साफ नाही म्हणते. झूल कुठे कुठे अडकून कोणकोणते वीर मेले, याची यादीच ती वाचून दाखवते. आपण हसतो, पण मळणीयंत्रात पदर आणि मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकली की काय होतं, हे गावात कोणाला सांगायला नको. गळ्याला गाठ मारून बांधलेला टॉवेल खिळ्यात, फांदीत, झोक्याच्या दोरीत अडकला तर तोच फास होतो.

मग करायचं काय? नुसतं रागावून उपयोग नाही. जादू कशी होते हे मुलांना स्वतःच्या हाताने करू द्या. गटाच्या बैठकीला मुलं येतातच, तेव्हा करता येईल.

मोबाईल हातात धरू नका. डब्याला किंवा विटेला टेकवून पक्का उभा करा. जमिनीवर खडूने मुलाच्या पावलांची खूण करा. व्हिडिओ सुरू करा, मुलाला खुणेवर एक गिरकी घ्यायला सांगा, आणि थांबा म्हणा. आता व्हिडिओ बंद न करता मधेच थांबवायचं बटण दाबा. बऱ्याच मोबाईलमध्ये ते असतं. मूल शर्ट बदलून येईल. तोवर मोबाईल जरासाही हलता कामा नये. मूल पुन्हा त्याच खुणेवर उभं राहिलं की व्हिडिओ पुढे चालू करा आणि पुन्हा गिरकी. मग सगळ्यांना दाखवा.

मुलं टाळ्या पिटतील. तेव्हा विचारा, "मधे शर्ट बदलला ते दिसलं का?" नाही. "मग टीव्हीवर तो गच्चीवरून उडी मारतो, तेव्हा मधलं काय काय आपल्याला दिसत नसेल?" उत्तर त्यांनाच शोधू द्या. तारा, खाली टाकलेल्या गाद्या, शिकलेली माणसं, सगळं एकेक करून बाहेर येईल. उंचावरून उडी नाही, गळ्याला गाठ नाही आणि विस्तवाशी खेळ नाही, हे तीन नियम मग त्यांच्याकडूनच वदवून घ्या. स्वतः ठरवलेला नियम मुलं जास्त पाळतात, हे आपल्याला गटाच्या नियमांवरून माहीत आहेच.

आणि पोशाख हवाच असेल तर करून द्या. जुन्या ओढणीचा तुकडा दोन खांद्यांवर साध्या टिचबटणांनी लावा, ओढला की सुटला पाहिजे. लांबी कमरेपर्यंतच.

तुमच्या मुलांनी कसा व्हिडिओ केला ते आपल्या केंद्रावर येऊन जरूर सांगा.