आधी चाक, मग गाडी

‘ईझी रायडर’ (१९६९) या सिनेमात पीटर फोंडाची मोटारसायकल येते तेव्हा पडद्यावर आधी तिचं चाक येतं आणि गाडी बऱ्याच वेळाने! पुढचे दांडे इतके लांब. हा चॉपर. मागे सस्पेन्शन नाही, पुढे ब्रेक नाही, टाकीत पेट्रोल जेमतेम मावणार. एखाद्या इंजिनिअरला दाखवली तर चांगली गाडी कुणी बिघडवली, असं विचारेल. तरीही कॅलिफोर्नियापासून स्वीडन-जपानपर्यंत लोक अशा गाड्या अजून हाताने घडवतात.

सुरुवात झाली ती कापाकापीने आणि काटकसरीने. दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने सुमारे ९० हजार लष्करी गाड्या बनवल्या होत्या. युद्धानंतर उरलेल्या गाड्या स्वस्तात निघाल्या. घरी परतलेल्या तरुणांना वेग हवा होता, खिशात पैसे नव्हते. मग वजन उतरवायचं: पुढचा मडगार्ड काढून टाक, मागचा करवतीने छाट. इथवर सगळं हिशोबी होतं. साठच्या दशकात मात्र करवत वेगाचा नाद सोडून रूपाच्या मागे लागली.

हँडल ज्या नळीत फिरतं ती नळीच फ्रेममधून कापायची आणि जास्त तिरकी करून पुन्हा वेल्ड करायची. या तिरकेपणाला रेक म्हणतात. नेहमीच्या गाडीत तो २५ ते ३० अंश, फोंडाच्या गाडीत सुमारे ४५. आता हँडलच्या अक्षाची रेघ मनातल्या मनात खाली रस्त्यापर्यंत वाढवा. ती जिथे टेकते त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक ढकलताच मागे वळून सरळ होतं, ते अशाच अंतरामुळे. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि आस हँडलच्या अक्षापुढे ६ सेंटिमीटर धरून गणित मांडलं, तर २७ अंशांना ट्रेल साडेआठ सेंटिमीटर येतो. ४५ अंशांना तोच साडेएकवीस! म्हणून वाळवंटातल्या सरळसोट हायवेवर हे चाक हट्टाने सरळ राहतं. आणि पार्किंगमध्ये, हळू चालवताना, हँडल जरा वळवलं की गाडीचं नाक खाली झुकतं नि चाक आणखीच वळू पाहतं. तिथे मनगटात ताकद हवी.

हार्लेच्या पारंपरिक इंजिनातही ४५ अंशच आहेत, हा निव्वळ योगायोग. दोन सिलिंडर त्या कोनात उभे आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. क्रँक ३१५ अंश फिरल्यावर एक, आणखी ४०५ अंशांनी पुढचा. लंगडत धावल्यासारखा तो ठेका यातूनच येतो. कंपनीने १९९४ मध्ये या आवाजाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये तो मागे घेतला गेला.

मला विचाराल तर खरी ओढ उघडेपणाची आहे. प्लॅस्टिकचं कवच नाही. तेलाची नळी, चेन, वेल्डिंगचा सांधा सगळं समोर. कुणी कुठे कापलं, कुठे जोडलं, हे पाहणाऱ्याला वाचता येतं.

कापणाऱ्याचं नाव मात्र हरवू शकतं. फोंडाच्या गाड्यांमागे होते लॉस एंजेलिसचे दोन कृष्णवर्णीय कारागीर, क्लिफ वॉस आणि बेन हार्डी. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले घेऊन त्यांनी त्या घडवल्या. सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नाही. कित्येक वर्षं हे दोघे फारसे कुणाला ठाऊकही नव्हते. चित्रीकरणातल्या बहुतेक गाड्या सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच चोरीला गेल्या. २०१४ मध्ये चित्रीकरणातलीच एक म्हणून मिरवलेल्या गाडीला लिलावात साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली, आणि ती खरी की नक्कल यावरून वाद पेटला.