रफार बांधताना

मराठी अक्षर पडद्यावर मोडून दिसलं की आपण कोणाला तरी शिव्या घालतो, आणि त्या बहुधा भलत्यालाच लागतात. कोणी म्हणतं युनिकोडच वाईट, कोणी फॉन्टला नावं ठेवतं, कोणी सरळ फोन बदलतं. ‘दऱ्या’ लिहाव्या आणि ‘दर्या’ उमटावा, दरीच्या जागी समुद्र यावा, हे वर्षानुवर्षं चालू आहे. दोष नेमका कुठे आहे हे शोधायचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे अक्षरं मांडणारा प्रोग्राम त्याच्या सोर्स कोडसकट घरी आणायचा, स्वतः बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा, आणि अक्षर कसं घडतं ते बघत बसायचं. तो प्रोग्राम फुकट मिळतो. त्याचं नाव हार्फबझ.

हे नाव फारसं कोणाला ठाऊक नसतं, पण अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांपैकी कशातही मराठी वाचत असाल तर अक्षरांची मांडणी याच्याच हातची असते. आपण टंकतो ते संकेतांक. फॉन्टमध्ये असतात त्या आकृत्या. कोणत्या संकेतांकांसाठी कोणती आकृती, कोणत्या क्रमानं आणि किती अंतरावर ठेवायची, हा मधला सगळा व्यवहार हार्फबझ बघतो. मूळ कोड फ्रीटाइप प्रकल्पातला. बेहदाद एस्फाबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं पुढे तो नव्यानं लिहिला आणि 2012 च्या सुमारास भारतीय लिप्यांचा भाग आकाराला आला.

हार्फबझ बांधून बघायचं हे काम मी नागपूरजवळ हिंगणा रोडवर, वानाडोंगरीतल्या एका भाड्याच्या खोलीत इंजिनिअरिंगच्या पोरांसोबत करतो. या पट्ट्यात कॉलेजं ओळीनं आहेत, त्यांच्या मागे एमआयडीसी, आणि मेट्रो लोकमान्य नगरला येऊन संपते. पोरांना सी++ येतं, निदान परीक्षेपुरतं. पण दुसऱ्यानं लिहिलेला, हजारो फाइलींचा, रोज बदलणारा कोड आणून तो चालवून दाखवणं त्यांच्या अभ्यासक्रमात कुठेच नसतं. गंमत म्हणजे नोकरीत पहिल्या दिवशी तेच करावं लागतं.

कोड आणायचा तो गिट क्लोननं; गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास राखणारी प्रणाली. इथे पहिला वाद होतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा मोजून मिळतो, म्हणून पोरं ‘डेप्थ 1’ लावतात. मग फक्त आजची प्रत येते, मागचा इतिहास येत नाही. नुसतं बांधायचं असेल तर ते पुरतं. पण मला इतिहास हवा असतो. कालपर्यंत बरोबर दिसणारं अक्षर आज बिघडलं, तर कोणत्या बदलानं बिघडलं हे गिट बायसेक्टनं शोधता येतं. मधला बदल घ्यायचा, बांधायचा, बघायचं, निम्मे बदल बाद करायचे. हजार बदल असले तरी दहा वेळा बांधून गुन्हेगार सापडतो. इतिहासाशिवाय हे करता येत नाही, म्हणून मी पूर्ण प्रत घ्यायला लावतो. डेटा संपला तर उद्या.

त्यानंतर मेसन, म्हणजे बांधणीची तयारी करणारा प्रोग्राम. ‘मेसन सेटअप बिल्ड’ म्हटलं की तो यंत्रात काय आहे, काय नाही याची पाहणी करतो: कंपायलर कोणता, फ्रीटाइप आहे का, ग्लिब आहे का, कैरो आहे का. उबुंटूवर यांपैकी एखादी लायब्ररी नुसती असून भागत नाही, तिचं ‘डेव्ह’ नावाचं जोडपॅकेज लागतं, कारण हेडर फाइली त्यात असतात. नवख्याला हे पटत नाही. लायब्ररी तर आहे, प्रोग्राम चालतायत, मग नाही कसं म्हणतो?

पण खरा चकवा याहून शांत आहे. कैरो सापडला नाही तर मेसन ओरडत नाही. पाहणीच्या शेवटी तो एक तक्ता छापतो आणि त्यात कैरोसमोर लिहितो ‘नो’. तेवढंच. पुढे सगळं सुरळीत बांधलं जातं, एकही चूक येत नाही, आणि शेवटी अक्षराचं चित्र काढणारं एचबी-व्ह्यू हे साधन जागेवर नसतं.

‘‘सर, बिल्ड तं झालं, पण व्ह्यू काहून नाही दिसून राहिलं?’’

हा प्रश्न दर तुकडीत येतोच. उत्तर पडद्यावर केव्हाच वर सरकून गेलेलं असतं. चुकांचे लाल संदेश सगळे वाचतात. यशाच्या यादीतला ‘नो’ कोणी वाचत नाही. माझ्या मते बांधणीचं निम्मं कौशल्य हा तक्ता वाचण्यात आहे.

प्रत्यक्ष कंपायलिंगबद्दल सांगण्यासारखं कमी. निंजा नावाचा प्रोग्राम कामं वाटून देतो आणि पडद्यावर एकच ओळ जागच्या जागी बदलत राहते: इतक्यांपैकी इतकी फाइल. निंजा न सांगता यंत्राच्या गाभ्यांपेक्षा दोन कामं जास्त काढतो, आणि हार्फबझचं सी++ टेम्प्लेटांनी ठासून भरलेलं आहे. 4 जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर मेमरी भरते आणि माउसही हलेनासा होतो. अशा वेळी ‘जे 2’ लावून दोनच कामं एका वेळी द्यायची. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. तीच बांधणी डिसेंबरात झटपट होते. आम्ही लॅपटॉप कूलरच्या झोतापासून थोडे बाजूला ठेवतो. थेट समोर ठेवले तर ओलावा आत जातो.

बांधून झालं की पोरांचा हात ‘इन्स्टॉल’कडे जातो. तो मी अडवतो. यंत्राच्या सगळ्या खिडक्या आणि मेनू त्याच लायब्ररीच्या आधीच्या, स्थिर प्रतीवर उभे असतात. तिच्या डोक्यावर रोज बदलणारी प्रत बसवायचं काही कारण नाही. ‘बिल्ड’ फोल्डरातूनच साधन चालवायचं.

आता मजा. लोहित देवनागरी हा फॉन्ट घ्यायचा. रेड हॅटचा हा मुक्त फॉन्ट, त्याची निगा पुण्याच्या कार्यालयानं राखली. हार्फबझसोबत बांधल्या गेलेल्या एचबी-शेप या साधनाला फॉन्ट आणि ‘किती’ हा शब्द दिला की चौकोनी कंसात आकृत्यांची यादी येते. आपण ‘क’ आधी टंकला, पहिली वेलांटी नंतर. यादीत वेलांटी पुढे आणि ‘क’ मागे. आणि दोघांसमोर आकडा एकच, शून्य. म्हणजे हे दोघे मिळून एक गट. कर्सर वेलांटी आणि ‘क’ यांच्या मधे का थांबत नाही, याचं कारण त्या दोन शून्यांत आहे.

मग ‘कर्म’. टंकताना ‘र’ आणि हलंत ‘म’च्या आधी, यादीत रफार ‘म’च्या नंतर. ‘ट्रेस’ हा पर्याय लावला की मधल्या पायऱ्याही दिसतात: आधी क्रम लावायची पहिली फेरी, मग फॉन्टमधले नियम एकेक करून, मग अखेरची फेरी. रफार आधी घडवला जातो आणि नंतर उचलून शेवटी ठेवला जातो, हे एकेका ओळीत वाचता येतं. घडवतो फॉन्ट, उचलून ठेवतो हार्फबझ. रफार मोडका दिसला तर फॉन्टवाल्याकडे जा, भलत्या जागी बसला तर इकडे या.

कोडमध्ये भारतीय लिप्यांची एक फाइल आहे आणि तिच्यात एक लहानसा तक्ता: प्रत्येक लिपीला एक ओळ. देवनागरीच्या ओळीत हलंताचा संकेतांक, रफाराची जागा, आणि रफार आपोआप घडवायचा की खास सांगितल्यावरच, हे लिहिलेलं आहे. ‘आपोआप’ खोडून ‘सांगितल्यावरच’ करायचं आणि पुन्हा निंजा चालवायचा. आता सगळं बांधलं जात नाही. बदललेली फाइल आणि तिच्यावर अवलंबून असलेलं तेवढंच. एचबी-व्ह्यूनं ‘कर्म’चं चित्र काढलं तर डोक्यावरचा रफार गेलेला असतो आणि ‘दऱ्या’त असतो तसा अर्धा ‘र’ ‘म’ला चिकटलेला. पोरं खोलीभर हसतात. मग चाचण्या चालवायच्या, आणि लाल ‘फेल’ उमटताना बघायचे. शेवटी गिटनं मूळ ओळ परत आणायची.

2012 च्या आसपासचा गिटचा इतिहास जरूर वाचावा. एस्फाबोदनं काही बदलांच्या नोंदीत निकाल लिहून ठेवलेत. प्रत्येक लिपीतले शब्द मायक्रोसॉफ्टच्या मांडणीशी ताडून पाहिलेले. देवनागरीचे शब्द 7 लाखांहून जास्त, आणि जुळत नसलेले शंभराच्या आसपास. उरलेल्या त्या शंभरांसाठी नोंदींमागून नोंदी आहेत.

आता ‘दऱ्या’कडे येऊ. नेहमीचा ‘र’ आणि हलंत दिला तर रफार होणार, तो नियमच आहे. अर्धा ‘ऱ’ हवा तर दोन वाटा. एक, ‘र’, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक. दुसरी, वेगळं अक्षर ‘ऱ’, ज्याचा संकेतांक 0931. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते शिफ्ट आणि ‘र’च्या कळीवर आहे. जुन्या मजकुरात पहिली वाट फार वापरलेली. तो मजकूर एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना ‘दिसत नाही म्हणजे कचरा’ असं समजून कोणीतरी जोडक पुसतं, आणि दऱ्यांचा दर्या होतो. हा दोष ना फॉन्टचा, ना हार्फबझचा.

दुसऱ्या वाटेतही एक खड्डा होता. युनिकोडच्या तक्त्यानुसार ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता असं फोडता येतं. फोडलं तर पुन्हा साधा ‘र’ हाती येतो, आणि रफाराचा नियम तर साध्या ‘र’साठीच आहे. त्यासाठी भारतीय लिप्यांच्या त्याच फाइलीत अक्षरं फोडणाऱ्या कामाच्या सुरुवातीलाच एक टीप आहे, ही फोडू नका, आणि खालच्या यादीत पहिला संकेतांक 0931. मराठी माणसाच्या ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ त्या एका ओळीच्या आधारानं उभ्या आहेत. मला ती ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खुर्ची मागे सारून थोडा वेळ उभाच राहिलो.

शेवटचा प्रयोग ‘ल’चा. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांची वळणं वेगळी, ‘श’चीही. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही आहेत. एचबी-व्ह्यूला नुसता शब्द दिला तर हिंदी वळण येतं. ‘लँग्वेज’ म्हणून मराठीचं ‘एमआर’ लावलं की त्याच फॉन्टमधून, त्याच बांधणीतून मराठी ‘ल’. प्रोग्राम भाषा ओळखत नाही. त्याला ती सांगावी लागते.

‘‘मंग सर, वेबसाइटवर कोण सांगते?’’

पानाच्या सोर्सच्या सुरुवातीलाच भाषा लिहायची असते. एकानं लगेच एक मराठी पान उघडलं, सगळा मजकूर मराठीत, आणि सोर्स पाहिला. तिथे भाषा लिहिली होती इंग्रजी. दुसऱ्या पानावर हिंदी. तिसऱ्यावर काहीच नाही. मग तिघं पोरं तिन्ही पानांच्या चालकांना पत्र लिहायला बसली, आणि कंपायलरला त्या दिवसापुरती सुट्टी मिळाली.